चिलटांसाठी उमललेली फुलं

इक्वेडोरमध्ये राहून तिथल्या आमरींचा अभ्यास करणाऱ्या लू जोस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने जंगलातून एक छोटी आमरी आणली होती. तिला फूल आलं की ओळख पटेल, म्हणून ती त्याने आपल्या हरितगृहात वाढवायला ठेवली. काही महिन्यांनी त्या रोपाच्या मुळांच्या गुंत्यात त्याला आणखी एक रोप दिसलं. आणलेल्या आमरीपेक्षा ते पाहुणं रोपच मोलाचं निघालं. 2009 मध्ये या शोधाची बातमी जगभर झाली. प्लॅटिस्टेली या प्रजातीतल्या त्या रोपाच्या फुलाची रुंदी 2.1 मिलिमीटर भरली, आणि तोपर्यंत माहीत असलेल्या आमरींमध्ये ते सर्वांत लहान फूल ठरलं. त्याच्या पाकळ्या पेशींच्या एकाच थराच्या होत्या. त्यांतून आरपार दिसत होतं.

मोहरीच्या दाण्याएवढं हे फूल, पण त्यात आमरीचं काहीही कमी नसतं. बाहेरची तीन निदलं असतात, आतल्या दोन पाकळ्या असतात, आणि तिसरी पाकळी रूप बदलून 'ओठ' झालेली असते. मध्यभागी पुंकेसर आणि कुक्षी एकत्र येऊन झालेला स्तंभ असतो आणि त्याच्या टोकाशी परागांचे घट्ट पुंजके. हातभर तुरा मिरवणाऱ्या आमरीच्या फुलात जे असतं ते सगळं इथे दोन मिलिमीटरांत आहे. माणसाच्या डोळ्यांना भिंगाशिवाय त्यातलं काही नीट दिसतही नाही. मग इतका नेमका घाट घडवला कुणासाठी?

या लेखात त्याच प्रश्नाचा माग काढायचा आहे. बुटक्या आमरींच्या फुलांचे फोटो पाहिले की पहिला शब्द तोंडात येतो तो 'विचित्र'. कुणाला माकडाचा चेहरा दिसतो, कुणाला किडा, कुणाला अळंबी. पण ही फुलं आपल्यासाठी उमललेलीच नाहीत. त्यांचा खरा प्रेक्षक दोन-तीन मिलिमीटरचं एखादं चिलट किंवा माशी असते. तिच्या जागी उभं राहून पाहिलं की विचित्रपणा गळून पडतो आणि त्या जागी दिसतो तो लाखो वर्षांत घासूनपुसून तयार झालेला चोख व्यवहार. हा व्यवहार कळला की आणखी एक गोष्ट कळते. असं फूल वाचवायचं तर एकटं फूल वाचवून भागत नाही.

ढगांत राहणारं कूळ

जगात आमरींच्या सुमारे 28 हजार जाती आहेत. त्यांतल्या पाच हजारांहून अधिक जाती एकाच उपगटातल्या आहेत. वनस्पतिशास्त्रात त्याला प्लुरोथॅलिडिनी म्हणतात. हा गट फक्त अमेरिका खंडांत आणि कॅरिबियन बेटांवर सापडतो. मेक्सिकोपासून दक्षिण ब्राझीलपर्यंत त्याचा वावर असला, तरी त्याचं माहेर म्हणजे अँडीज पर्वताचे उतार आणि मध्य अमेरिकेतले डोंगर. समुद्रावरून आलेले ढग या उतारांना अडतात आणि झाडांच्या शेंड्यांतून फिरत राहतात. तिथे पाऊस नसला तरी पानांवरून पाणी ठिबकत असतं. फांद्यांवर शेवाळाचे जाड थर साचतात. बुटक्या आमरींची वस्ती याच शेवाळात असते.

या गटाचं एक लक्षण महत्त्वाचं आहे. झाडांवर वाढणाऱ्या बहुतेक आमरींना खोडाशी फुगीर कंद असतात आणि कोरड्या दिवसांची बेगमी म्हणून त्यांत पाणी साठवलेलं असतं. प्लुरोथॅलिडिनींना असे कंद नसतात. बारीक दांडी, तिच्या टोकाला एक पान आणि पानाशी फूल, एवढाच त्यांचा संसार. साठवण जवळजवळ नाही. रोजचं पाणी रोज धुक्यातून मिळणार, या भरवशावर त्या जगतात. भरवसा पक्का असल्यामुळे त्यांना लहान होणं परवडतं. रोप लहान असलं की बोटभर जाडीची डहाळीही घर म्हणून पुरते. जिथे मोठ्या आमरीचं एक रोप मावलं असतं, तिथे यांची अख्खी वसाहत नांदते.

बियांचीही तीच कथा. आमरीचं बी धुळीच्या कणासारखं असतं आणि त्यात अंकुराला पुरेल एवढंही अन्न नसतं. वाऱ्याने ते दूरवर जातं, पण रुजतं ते योग्य बुरशी भेटली तरच. बुरशीचे धागे बियांत शिरतात आणि अंकुराला पोसतात. नोएल बेर्नार या फ्रेंच संशोधकाने 1899 मध्ये ही गोष्ट पहिल्यांदा ओळखली. जन्म बुरशीच्या हाती, पाणी धुक्याच्या हाती आणि वंशवृद्धी माशीच्या हाती, असं हे तीन ठिकाणी बांधलेलं आयुष्य आहे.

शल्यविशारदाचा सूक्ष्मदर्शक

एकोणिसाव्या शतकात युरोपात आमरींचं वेड शिगेला पोचलं होतं. रोपवाटिकांचे दलाल अँडीजमध्ये माणसं पाठवत आणि बोटी भरभरून रोपं लंडनला नेत. त्यांना हवी होती ती मोठ्या, रंगीत फुलांची आमरी. अल्बर्ट मिलिकन नावाच्या आमरी-शिकाऱ्याने 1891 च्या आपल्या पुस्तकात कोलंबियातल्या एका मोहिमेचा हिशेब दिला आहे. सुमारे दहा हजार रोपं मिळवण्यासाठी त्याच्या माणसांनी चार हजारांच्या आसपास झाडं तोडली होती. प्रत्येक झाडाच्या फांद्यांवर शेवाळ असणार आणि त्या शेवाळात किती बुटक्या आमरी असतील, याची नोंद ठेवायची गरज तेव्हा कुणालाच वाटली नाही. बाजारात त्यांना भाव नव्हता.

या दुर्लक्षित कुळाला हक्काचा अभ्यासक मिळाला तो विसाव्या शतकात, आणि तोही वनस्पतिशास्त्राच्या बाहेरचा. कार्लाइल लुअर (1922–2019) हे अमेरिकेतल्या फ्लोरिडामधले शल्यविशारद. फुलांचं वेड आधीपासून होतंच. वैद्यकीय व्यवसायातून बाहेर पडल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य प्लुरोथॅलिडिनींना वाहिलं. सॅरासोटा इथल्या मेरी सेल्बी वनस्पती उद्यानाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक फूल उलगडायचं, त्याचे अवयव सुटे करायचे, मोजायचे आणि शाईने चितारायचे, हे काम त्यांनी कित्येक दशकं केलं. 'आयकोनीस प्लुरोथॅलिडिनारम' या नावाने त्यांच्या ग्रंथमालेचे खंडामागून खंड निघत गेले. आज या कुळातल्या हजारो जाती आपल्याला नावानिशी माहीत आहेत, त्यांत सर्वांत मोठा वाटा या एका माणसाचा आहे. शल्यक्रियेत मुरलेला हात फुलाच्या एका मिलिमीटरवर किती स्थिर राहू शकतो, हे त्यांच्या आकृत्या पाहिल्या की समजतं.

लेपँथिसच्या फुलाजवळ

या कुळातल्या लेपँथिस या प्रजातीचं फूल जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. तिच्या हजाराहून अधिक जाती आहेत. दांडीला खालपासून वरपर्यंत आवरणं असतात. प्रत्येक आवरण वर पसरट होत गेलेलं, आणि त्याच्या कडेला केसांची बारीक झालर. टोकाला एकच पान असतं. फुलांची दांडी पानाच्या देठाशी उगवते आणि पानालगत वाढते. त्यामुळे फूल पानाच्या पाठीला किंवा पोटाला चिकटून बसल्यासारखं दिसतं, आणि फुलाला मागे हिरवा पडदा आपोआप मिळतो. एका वेळी उमलतं एकच फूल, फार तर दोन. एक सुकलं की त्याच दांडीवर पुढचं. असा क्रम महिनोन्‌महिने चालतो.

आता भिंग हवं. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याशी लावलं की आधी दिसतात ती तीन निदलं. पिवळी, तांबूस किंवा काचेसारखी, आणि फुलाचा दिसणारा पसारा मुख्यतः त्यांचाच. पाकळ्या शोधाव्या लागतात. त्या उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतात आणि प्रत्येकीचे दोन भाग झालेले असतात, एक वर वळलेला, एक खाली. त्यांच्या मधोमध ओठ असतो. तोही दुभंगलेला. त्याची दोन पाती मधल्या स्तंभाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. या दोन पात्यांच्या मध्ये, खालच्या बाजूला, केसाळ असा एक सूक्ष्म उंचवटा असतो. तो भिंगातूनही नीट दिसत नाही. पण लेपँथिसचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

हे गणित 2005 मध्ये उलगडलं. मारियो ब्लांको आणि गाब्रिएल बार्बोसा या दोन अभ्यासकांनी कोस्टा रिकात लेपँथिस ग्लिकेन्स्टाइनाय या जातीच्या फुलांसमोर बसून निरीक्षणं केली. फुलांकडे येत होते ते बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांच्या एका जातीचे नर, आणि फक्त नर. नर फुलावर उतरतो, पुढे सरकतो, शरीर वाकवतो आणि आपल्या पोटाच्या टोकावरच्या चिमट्यांनी तो केसाळ उंचवटा घट्ट धरतो. एरवी हे चिमटे मादीला धरण्यासाठी असतात. नराच्या लेखी ती मादीच आहे. तो लांबून नागमोडी उडत येतो, त्यावरून त्याला फुलाचा वास बोलावत असावा असं अभ्यासकांनी म्हटलं आहे. या झटापटीत त्याचं पोट स्तंभाच्या टोकाशी येतं आणि परागपुंज त्याला चिकटतो. निघताना तो पराग घेऊन निघतो. दुसऱ्या फुलावर हीच चूक पुन्हा केली की आमरीचं काम झालं.

नराला या सगळ्यात काहीच मिळत नाही, मध नाही की मादी नाही. म्हणून फुलाला फार जपून वागावं लागतं. आमरीचे पराग सुटे नसतात, पुंजक्यात बांधलेले असतात. एक यशस्वी भेट झाली तरी हजारो बीजांडांना पुरतील एवढे पराग पोचतात. असं फूल महिनोन्‌महिने उमलत राहण्याचं कारणही हेच. फसणारा पाहुणा रोज येत नाही, पण कधीतरी येतो. त्या दिवशी दारात फूल हवं.

आता फुलाच्या आकाराचं कोडं सुटतं. त्या चिलटाच्या पोटाची लांबी, चिमट्यांची रुंदी आणि स्तंभाचं अंतर ही मापं जुळली तरच पुंजका नेमक्या जागी चिकटणार. फूल मोठं झालं तर मापं चुकतात. लहान असणं ही त्याची गरज आहे.

अळंबीचा वास, माशीचा बाजार

नराला मादीचा भास करून देणं हा एक मार्ग झाला. याच कुळातल्या इतर आमरींनी वेगळे मार्ग धरले आहेत. ट्रायकोसॅल्पिंक्सच्या जांभळट फुलात ओठाला झालर असते आणि तो इतका सैल जोडलेला असतो की वाऱ्याच्या झुळकीने थरथरतो. दिएगो बोगारीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवून दिलं की या फुलांवर चावऱ्या चिलटांच्या माद्या येतात. या गटातली चिलटं इतर किड्यांच्या अंगातला रस शोषतात. थरथरता, केसाळ, गडद ओठ त्यांना तशाच मेजवानीचं आमिष दाखवतो. स्पेक्लिनिया या प्रजातीतल्या काही आमरी आणखी पुढे गेल्या आहेत. आपण पिकलेल्या केळ्यांवर घोंघावताना पाहतो त्या फळमाश्यांच्या नात्यातल्या माश्या एकमेकींना 'इथे या' असं सांगण्यासाठी विशिष्ट वास सोडतात. कोस्टा रिकातल्या लँकेस्टर वनस्पती उद्यानातल्या अ‍ॅडम कॅरेमान्स यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवलं की तोच संदेश ही फुलंही देतात. माश्यांना वाटतं, जत्रा भरली आहे.

पण सर्वांत गाजलेली आमरी म्हणजे ड्रॅक्युला. या प्रजातीला लुअर यांनीच 1978 मध्ये वेगळं स्थान दिलं. रोप लहान असतं, फूल मात्र बोटभर किंवा त्याहून मोठं. म्हणजे बुटक्या आमरींची ही जरा अंगापिंडाने थोराड चुलत बहीण. तिच्या एका जातीच्या फुलात माकडाचा चेहरा दिसतो आणि तो फोटो जगभर फिरत असतो. चेहरा आपल्याला दिसतो, कारण माणसाची नजर सगळीकडे चेहरेच शोधते. फुलाने मांडलेलं प्रदर्शन मात्र वेगळंच आहे. ड्रॅक्युलाची फुलं खाली लोंबतात, जमिनीलगतच्या दमट अंधारात. निदलांवर गडद ठिपके आणि केस असतात. मधला ओठ फिकट, वाटोळा, आणि त्यावर मध्यापासून कडेकडे गेलेल्या बारीक उभ्या घड्या असतात. अळंबीची छत्री उलटी करून पाहिली की तिच्या खाली अशाच घड्या दिसतात. वासही अळंबीचाच येतो.

अळंब्यांवर जमणाऱ्या झायगोथ्रिका प्रजातीतल्या माश्या या फुलांवर थव्याने येतात. अळंबी म्हणजे या माश्यांचं खाण्याचं ठिकाण आणि जोडीदार शोधण्याचंही. फुलाने त्यांच्या बाजाराची हुबेहूब प्रतिकृती थाटली आहे. ही प्रतिकृती माशीला कशामुळे पटते, रंगामुळे, आकारामुळे की वासामुळे, हे ठरवण्यासाठी टोबियास पोलिचा, बिटी रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फार सुंदर प्रयोग केला. त्यांनी ड्रॅक्युला लाफ्लुरीचं फूल त्रिमिती छपाईने साचे करून सिलिकॉनमध्ये घडवलं. मग खरा ओठ आणि नकली निदलं, नकली ओठ आणि खरी निदलं, ठिपक्यांची निदलं आणि बिनठिपक्यांची, अशा नाना जोड्या लावून ही फुलं जंगलात टांगली आणि कुठल्या फुलावर किती माश्या येतात ते मोजलं. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओठाचा अळंबीचा वास आणि निदलांवरचे रंगाचे ठिपके, दोन्ही मिळून माशी वळते. एकाने पुरेसं काम होत नाही.

म्हणजे ड्रॅक्युलाच्या फुलात आपण माकडाचा चेहरा बघून हसलो, पण तिच्या निदलांवरचे ठिपके माशीसाठी खुणेचे दिवे होते. हा प्रयोग झाला ते जंगल म्हणजे इक्वेडोरमधलं लोस सेद्रोस. त्याची गोष्ट पुढे येईलच.

एका डोंगराच्या जाती

एका कुळात पाच हजार जाती झाल्या कशा? या प्रश्नाचं एक उत्तर भूगोलात आहे. जोस्ट यांनी इक्वेडोरच्या पास्तासा नदीच्या वरच्या खोऱ्यातले डोंगर पायी पालथे घातले. अगदी जवळजवळच्या डोंगरांवर पावसाचं, वाऱ्याचं, धुक्याचं मान वेगळं आहे. तिआगेया नावाची बुटक्या आमरींची एक प्रजाती आहे. 2000 सालापर्यंत जगाला तिच्या सहाच जाती माहीत होत्या. मग जोस्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना या एका खोऱ्यातल्या डोंगरमाथ्यांवर तिच्या पंचवीसहून अधिक नव्या जाती सापडल्या. गॅलापागोसच्या बेटाबेटांवर निराळे फिंच पक्षी घडावेत, तसे इथे डोंगरमाथे म्हणजेच बेटं. पुढे एकोमिंगा या संस्थेमार्फत जमीन विकत घेऊन असे काही डोंगर राखीव करण्यात आले.

दुसरं उत्तर संख्येत आहे. प्वेर्तो रिकोत रेमंड ट्रेंब्ले यांनी लेपँथिसच्या वसाहती वर्षानुवर्षं न्याहाळल्या. ओढ्याकाठच्या एखाद्या शिळेवर काही रोपं, पुढच्या झाडावर आणखी काही, अशा त्या विखुरलेल्या असतात. फुलं पुष्कळ, पण फळ धरतं ते फार थोड्यांना. एका वसाहतीतून दुसरीत जनुकांची ये-जा अगदी कमी. अशा छोट्या, तुटक गटांमध्ये योगायोगानेही गुण बदलत जातात. 2001 मध्ये ट्रेंब्ले आणि जेम्स अ‍ॅकरमन यांनी लेपँथिसच्या बाबतीत हाच मुद्दा मांडला.

या दोन उत्तरांची दुसरी बाजू भीतीदायक आहे. जी जात एका डोंगरावर घडते, ती त्या एका डोंगराबरोबरच जाते. एक रस्ता, एक वणवा, एक खाण पुरते. धुकं सरकलं तरी पुरतं. 1999 मध्ये ॲलन पाउंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्देच्या जंगलाबद्दल लिहिलं होतं की कोरड्या ऋतूतले धुक्याचे दिवस कमी होत चालले आहेत. त्याच जंगलातला सोनेरी भेक 1989 नंतर कुणाला दिसलेला नाही. पाण्याची साठवण नसलेल्या बुटक्या आमरीसाठी सलग काही दिवस धुकं न येणं म्हणजे घरातलं पाणी तुटणं.

सह्याद्रीच्या फांदीवर

प्लुरोथॅलिडिनी सह्याद्रीत नाहीत. पण बुटक्या आमरी आहेत, आणि त्यांनी जगण्याची रीत वेगळी शोधली आहे. अँडीजच्या उतारावर धुकं बारमाही असतं. इथे चार महिने धो धो पाऊस आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. अशा मुलखात साठवण नसेल तर निभावच लागणार नाही.

आंबोलीत किंवा महाबळेश्वरला आषाढात जुन्या झाडांखाली फिरलं तर वाऱ्याने पडलेल्या फांद्या दिसतात. अशी एक फांदी मी उचलून पाहिली. सालीवर शेवाळ, शेवाळात नेचे, आणि त्यांच्या मधल्या उघड्या सालीला घट्ट चिकटलेल्या वाटोळ्या चपट्या चकत्या. एकेक चकती नखाएवढी. वर जुन्या आवरणाच्या धाग्यांची जाळी. भिंगातून पाहिलं तर ती जाळी शिरांच्या विणीसारखी स्पष्ट दिसते आणि खालचा हिरवा कंद तिच्यातून डोकावतो. ही पॉर्पॅक्स. पॉर्पॅक्स जर्डोनियाना हे तिच्या एका जातीचं नाव, पक्षीअभ्यासक म्हणून आपल्याला जास्त माहीत असलेल्या थॉमस जर्डन यांच्यावरून ठेवलेलं. उन्हाळ्यात या चकत्यांवर एकही पान नसतं. झाडाच्या सालीवर उठलेला फोड वाटावा अशा त्या सुकून पडून असतात. पावसाची चाहूल लागली की दोन कोवळी पानं आणि त्यांच्या मधोमध तपकिरी-तांबूस नळीसारखं फूल. तिन्ही निदलं बाजूंनी एकमेकांना जुळून त्यांची नळी झालेली असते. पाकळ्या आणि ओठ आत दडलेले. हे फूल पानांच्या बेचक्यात इतकं खाली बसलेलं असतं की चालणाऱ्याला दिसायचं नाही. पाहायचं तर गुडघे टेकावे लागतात.

कोंचिडियम मायक्रोकायलोसचं घराणंही असंच चपट्या कंदांचं. तिची पांढरी इवली फुलं पावसात येतात. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं निकोल डालझेल यांनी. डालझेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचा 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ 1861 चा. डेंड्रोबियम मायक्रोबल्बन ही आणखी एक बुटकी. ती पावसात पानं वाढवते, कंद भरून घेते, आणि पानं गळाल्यावर थंडीत फुलते. ओबेरोनियाने कंद टाकून दिले आणि साठवण पानांतच केली. तिची पानं जाड, चपटी, तळाशी एकात एक बसलेली, आणि सगळी मिळून पंख्यासारखी एकाच पातळीत पसरलेली. तिचा तुरा खाली लोंबतो आणि त्यावर एक-दोन मिलिमीटरची फुलं गोल फेर धरून शेकड्यांनी बसतात. एकेका फुलाला सगळे अवयव. हा तुरा चुकून शेवाळाचा धागा समजून ओलांडला जातो.

या आमरींची महाराष्ट्रातली शिस्तबद्ध नोंद करणाऱ्यांमध्ये फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव यांचं नाव घ्यावंच लागतं. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले हे स्पॅनिश जेझुइट पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. झेड. कापडिया यांच्यासह त्यांनी लिहिलेला 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. पाचगणीच्या नावाने ओळखली जाणारी हाबेनारिया पांचगणीएन्सिस ही जमिनीवर वाढणारी आमरीही याच दोघांनी जगासमोर आणली.

फुलाचा हक्क

लोस सेद्रोसकडे परत यायला हवं. इक्वेडोरच्या इम्बाबुरा प्रांतातलं हे ढगांचं जंगल सुमारे पाच हजार हेक्टरांचं आहे. चष्मेवालं अस्वल, तपकिरी डोक्याचं कोळी-माकड आणि आमरींच्या शेकडो जाती तिथे राहतात. राखीव असूनही या जंगलाच्या सुमारे दोन-तृतीयांश भागावर खाणकामाच्या शोधासाठी परवाने दिले गेले. ड्रॅक्युलावर प्रयोग करणाऱ्या बिटी रॉय यांनी तेव्हा इतर शास्त्रज्ञांसह 2018 मध्ये या परवान्यांमुळे इक्वेडोरच्या जैवविविधतेचं काय होईल याचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. माश्या मोजणाऱ्या संशोधकांना फुलासाठी थेट राज्यव्यवस्थेशी बोलावं लागलं.

इक्वेडोरच्या 2008 च्या राज्यघटनेत निसर्गाला स्वतःचे हक्क आहेत. जगण्याचा, टिकण्याचा, आपली चक्रं चालू ठेवण्याचा हक्क. कोताकाची इथल्या स्थानिक पालिकेने या कलमांचा आधार घेऊन दाद मागितली. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि 1 डिसेंबर 2021 रोजी निकाल जाहीर झाला. लोस सेद्रोसमधल्या खाणकामामुळे निसर्गाच्या हक्कांचा भंग होतो, असं सांगून न्यायालयाने परवाने रद्द केले. निकालाचा एक आधार होता सावधगिरीचं तत्त्व. नुकसान पूर्ण सिद्ध व्हायची वाट पाहायची नाही. जिथे जाती कायमच्या नष्ट होण्याचा धोका आहे, तिथे आधी थांबायचं.

हे तत्त्व बुटक्या आमरींना नेमकं लागू पडतं. प्रत्येक फूल मोजून, नाव देऊन, माशीसह नोंदवून मग जंगल वाचवू असं म्हटलं तर मोजणी पुरी व्हायच्या आत डोंगर गेलेला असेल. न्यायालयाने आमरीला वेगळं आरक्षण दिलं नाही. तिच्या अळंब्या, तिच्या माश्या, तिचं शेवाळ आणि तिच्यावरचा ढग हे सगळं एकत्र राहू दिलं. आमरीला टिकवण्याचा याहून दुसरा मार्ग नाही, हे विज्ञानाने फुलाजवळ बसून शोधलेलं आहे.

आपल्याकडे घाटरस्ता रुंद करताना तोडायची झाडं मोजली जातात. एका झाडाच्या बदल्यात काही रोपं लावायचं ठरतं आणि हिशेब पुरा झाल्याचं समाधान मिळतं. त्या हिशेबात फांदी नसते. पॉर्पॅक्सच्या चकत्या, ओबेरोनियाचे पंखे, त्यांना पोसणारी बुरशी आणि त्यांच्याकडे येणारे किडे, हे सगळं जुन्या झाडाच्या खडबडीत सालीवर अनेक दशकांच्या सावलीत आणि ओलाव्यात जमलेलं असतं. नव्या रोपट्याच्या गुळगुळीत सालीवर ते पुढच्या पावसाळ्यात येत नाही, आपल्या आयुष्यात येईलच असंही नाही. म्हणून झाड तोडण्याआधी त्याच्या फांद्यांवर कोण राहतं हे पाहायला वनस्पतिअभ्यासक पाठवला पाहिजे. देवरायांमधली आणि घाटमाथ्यांवरची जुनी झाडं वेगळी मोजली पाहिजेत. शक्य असेल तिथे रस्ता वळवला पाहिजे. पडलेल्या फांदीवरची आमरी घरी नेऊन कुंडीत लावायची हौस आपणही सोडायला हवी, कारण कुंडीत ना तिची बुरशी येते, ना तिचा किडा. इक्वेडोरच्या न्यायालयाने जे कायद्याच्या भाषेत मान्य केलं, ते मान्य करायला आपल्याला राज्यघटना बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. पंचायतीच्या ठरावात, वनखात्याच्या अहवालात आणि रस्त्याच्या आराखड्यात 'झाड' या शब्दाखाली त्याची फांदीही धरली, तरी कामाची सुरुवात होईल.